कोकमाच्या दोन बाटल्या आणि साखरेचा हिशोब

आमच्या घरी मांडणीवर कोकमाच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात. एकीत आगळ, दुसरीत अमृत कोकम. रंग जवळपास सारखाच, त्यामुळे घाईत हात चुकतो आणि सोलकढी गोड होते. झाड एक, रातांबे म्हणजे कोकमाची फळं एक, पावसाआधीची धावपळही एकच. फरक आहे तो टिकवण्याच्या रीतीत. आगळ मिठावर टिकतं, अमृत कोकम साखरेवर. रातांब्यांची सालं आणि साखर यांचे थर बरणीत लावायचे, तोंडाला फडकं बांधून बरणी उन्हात ठेवायची. साखर सालीतला रस ओढून घेते, त्यातच विरघळते आणि आठ-दहा दिवसांत दाट लाल पाक तयार होतो. एवढ्या साखरेत जंतूंना जगायला पाणीच उरत नाही, म्हणून तो पाक वर्षभर राहतो.

गेली काही वर्षं मी मालवण परिसरात आहाराविषयी सल्ला देण्याचं काम करते. परवा शेजारच्या काकू ओटीवर बसून म्हणाल्या, "साखर म्हणजे विष, असा मोबायलावर येता. खरां काय गो ता?" आणि मी उत्तर द्यायच्या आतच पुढे म्हणाल्या, "मी तर साखर सोडलंय. आता गूळच घालतंय चायत."

त्यांच्या त्या दोन वाक्यांत आपल्याकडचे दोन्ही गैरसमज एकत्र आले होते. एक म्हणजे साखरेचा कणही घातक. दुसरा म्हणजे पांढरी साखर वाईट, पण गूळ, मध, काकवी चालतात, कितीही चालतात. दोन्ही खरे नाहीत, आणि माझ्या अनुभवात दुसरा जास्त महागात पडतो.

मग संतुलित आहारात साखर घातक आहे का? आधी शब्द नीट लावून घेऊ. आंब्यात साखर असते, दुधात असते, गाजरात आणि कांद्यातही असते. तिच्याबद्दल तक्रार नाही. फळ चावून खाल्लं की साखर चोथ्यात आणि पाण्यात अडकलेली येते, हळूहळू सुटते, शिवाय पोट भरतं. मध्यम आकाराच्या हापूसच्या गरात साधारण २० ग्रॅम साखर असते, पण एका बैठकीत आठ आंबे कापून खाणारी माणसं थोडीच. प्रश्न आहे तो वरून घातलेल्या साखरेचा: चहातली, शिऱ्यातली, बिस्किटातली, सरबतातली. जागतिक आरोग्य संघटना 'मोकळी साखर' असा शब्द वापरते आणि त्यात गूळ-साखरेसोबत मध, पाक आणि फळांचा रससुद्धा धरते. रस काढला की चोथा मागे राहतो आणि चार फळांची साखर एका पेल्यात उतरते, म्हणून.

या संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा अशी: दिवसभरात लागणाऱ्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा मोकळ्या साखरेतून यावी, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिलात तर आणखी बरं. एक ग्रॅम साखर ४ कॅलरी देते. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाचा हिशोब केला तर १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांमध्येही रोजची मर्यादा २५ ग्रॅमच्याच आसपास धरली आहे. पंचवीस ग्रॅम म्हणजे चहाचे सहा सपाट चमचे. सपाट हा शब्द महत्त्वाचा. आपण घालतो तो शीग लावलेला असतो, म्हणजे पाच ग्रॅमच्या घरात. असे पाच चमचे झाले की दिवसाचा वाटा संपला.

काकूंना मी म्हटलं, चला, तुमचा कालचा दिवस मोजू. त्या म्हणाल्या, "मी गोड खातच नाही गो. चतुर्थीला काय ते मोदक."

सकाळी उठल्यावर चहा. नऊ-दहाच्या सुमाराला शेजारीण आली, पुन्हा चहा. दुपारी चारला चहा आणि चार बिस्किटं. संध्याकाळी मुंबईहून पुतण्या आला, त्याच्यासोबत चौथा कप. प्रत्येक कपात दोन शीग लावलेले चमचे, आता गुळाचे. झाले ४० ग्रॅम. साध्या ग्लुकोज बिस्किटात शंभर ग्रॅममागे २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे चार बिस्किटांची पाच-सहा ग्रॅम धरा. दुपारी ऊन फार म्हणून पेलाभर कोकम सरबत. या पाकात वजनाने साधारण दोन-तृतीयांश साखरच असते. तीस मिलिलिटर पाक, म्हणजे मोठे दोन चमचे, घेतला तर जवळपास २५ ग्रॅम साखर पोटात जाते. एका सरबतात अख्ख्या दिवसाचा वाटा. सगळं मिळून सत्तर ग्रॅमच्या वर. "गोड खातच नाही" म्हणणाऱ्या माणसाची महिन्याला दोन किलो साखर.

काकू गप्प झाल्या. मीही पहिल्यांदा स्वतःचा दिवस मोजला होता तेव्हा अशीच गप्प झाले होते.

साखर पोटात गेल्यावर

साखर म्हणजे दोन कणांची जोडी: एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. लहान आतड्यात ही जोडी सुटते आणि दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ग्लुकोज रक्तातून शरीरभर फिरतं. मेंदू, स्नायू, सगळेच ते वापरतात आणि ते पेशींत शिरावं म्हणून स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं. फ्रुक्टोज मात्र मुख्यतः यकृतच हाताळतं.

आपल्याकडे भाताची कणगी असायची. नवं भात आलं की आधी कणगी भरायची. यकृत आणि स्नायू यांच्याकडेही अशीच कणगी आहे, ग्लायकोजेन नावाच्या साठ्याची. यकृतात साधारण शंभर ग्रॅम मावतो, सगळ्या स्नायूंत मिळून त्याच्या चौपट-पाचपट. रापण ओढणारा माणूस, लावणीत दिवसभर वाकून काम करणारी बाई यांची कणगी संध्याकाळपर्यंत रिकामी होते. रात्री जेवलेलं भरायला जागा असते. जी कणगी रिकामी होतच नाही तिच्यात रोज भात ओतत राहिलं तर ते बाहेर सांडणार. यकृत हे सांडलेलं चरबीत बदलतं. काही चरबी रक्तात जाते आणि तपासणीच्या कागदावर ट्रायग्लिसराइडचा आकडा वाढतो. काही यकृतातच साचते.

हे साचणं मागे फिरतं का? अमेरिकेत चरबीयुक्त यकृत असलेल्या ११ ते १६ वर्षांच्या ४० मुलग्यांवर झालेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांच्या घरचं खाणं आठ आठवडे असं ठेवलं की त्यात मोकळी साखर जवळजवळ नव्हती. बाकीची मुलं नेहमीचं खात राहिली. साखर कमी केलेल्या मुलांच्या यकृतातली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. दुसऱ्या गटात ती २१ वरून २० झाली. आठ आठवडे म्हणजे जेमतेम दोन महिने. एवढ्या अवधीत यकृत इतकं सावरू शकतं, हे वाचून मला फार धीर आला होता.

तरीही साखरेलाच सगळ्याचं मूळ ठरवणं मला पटत नाही, आणि त्याला कारण आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी तोवर झालेले प्रयोग एकत्र तपासले आणि २०१३ साली निष्कर्ष मांडले. साखर कमी करून तेवढ्याच कॅलरींचा दुसरा पिष्टमय पदार्थ दिला, तर वजनात फरक पडला नाही. लोकांना मनाजोगतं खाऊ दिलं आणि फक्त साखर कमी करायला सांगितली, तर वजन सरासरी ८०० ग्रॅमने उतरलं. साखर वाढवली तर जवळपास तेवढंच वाढलं. म्हणजे वजनाच्या बाबतीत साखरेची खोडी मुख्यतः ही आहे की ती नकळत जादा कॅलरी पोटात घालते.

कोकणातल्या माणसाने हे दोनदा वाचावं. कारण आपलं ताट मुळात भाताचं. साखर सोडली म्हणून समाधानाने दोन डाव भात जास्त घेतला, तर कणगीच्या दृष्टीने फारसं काही बदललं नाही. भाताचंही शेवटी ग्लुकोजच होतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतभरच्या मधुमेह पाहणीत देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला, आणि सर्वांत जास्त प्रमाण आढळलं ते आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. याचा सगळा दोष साखरेवर टाकता येणार नाही. वाढतं वय, पोटाचा घेर, घराण्यात असलेला आजार, बसून करायची कामं, ताटातला भात, हे सगळं त्यात आहे. पण भरलेल्या कणगीवर रोज सत्तर ग्रॅम साखर, ही त्यातली अशी एक गोष्ट आहे जी आपल्या हातात आहे.

पातळ साखर सगळ्यांत लबाड

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातला एक छोटासाच प्रयोग मला नेहमी सांगावासा वाटतो. पंधरा माणसं होती, निष्कर्ष २००० साली छापून आले. त्यांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या जेलीच्या गोळ्या दिल्या आणि आणखी चार आठवडे तेवढ्याच कॅलरींचं गोड सोडा पेय. गोळ्या खाल्ल्या त्या दिवसांत माणसं आपोआप बाकीचं जेवण कमी जेवली. पेय प्यायले त्या दिवसांत जेवण तेवढंच राहिलं, आणि वजन चढलं. पोटाला चावलेलं कळतं, प्यायलेलं तितकंसं कळत नाही.

म्हणून साखरेवरच्या संशोधनात सर्वांत ठाम पुरावा गोड पेयांविरुद्ध आहे. अनेक पाहण्या एकत्र करून २०१० साली काढलेल्या निष्कर्षानुसार, रोज एक-दोन वेळा गोड पेय पिणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचा धोका क्वचित पिणाऱ्यांपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त होता. बाटलीबंद कोलात शंभर मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. आपण म्हणतो, आम्ही कोला पीत नाही, घरचं सरबत पितो. घरचं सरबत प्रेमाचं असतं, त्यात रंग-रसायनं नसतात, हे सगळं मान्य. पण यकृताला पेला कुठून आला ते कळत नाही.

गुळाचं काय?

काकूंचं मन मोडायचं नव्हतं, पण खरं सांगणं भाग होतं. गूळ हा बहुतांशी साखरच असतो. शंभर ग्रॅम गुळाच्या कॅलरी ३८० च्या आसपास, साखरेच्या चारशेच्या जवळ. गुळात लोह असतं हे खरं, पण त्याचं प्रमाण गुळागणिक खूप बदलतं, आणि आपण खातो तो गूळ असतो दहा-वीस ग्रॅम. प्रौढ बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आपल्या पोषण संस्थेचं मोजमाप आहे. ते गुळाच्या चहातून भागवायला निघालात तर लोहापेक्षा साखरच कितीतरी पटींनी जाईल. लोहासाठी नाचणी, कुळीथ, पालेभाज्या, मासे. चहासोबत लोह नीट शोषलंही जात नाही, तेव्हा गुळाच्या चहावर त्या बाबतीत तर अजिबातच विसंबू नये.

गूळ चवीला छान लागतो. कोऱ्या चहात तर साखरेपेक्षा गूळच मलाही आवडतो. आवडतो म्हणून घाला आणि साखर मोजता तसाच मोजा, एवढंच माझं म्हणणं. मधाचंही तसंच, त्यात जवळजवळ ८० टक्के साखर असते. आणि तान्ह्या बाळाला, वर्ष पूर्ण होईपर्यंत, मध चाटवू नये. गुटीत घालून तर नाहीच. त्यातल्या एका जंतूच्या बीजाणूंपासून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

लहानांचा विषय निघालाच आहे तर एक अलीकडचं संशोधन सांगते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये साखर रेशनवर होती. ते रेशनिंग १९५३ च्या सप्टेंबरात उठलं आणि माणशी साखर थोड्याच काळात जवळजवळ दुप्पट झाली. म्हणजे काही महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या मुलांच्या दोन पिढ्या अशा मिळाल्या की एकीचे गर्भातले आणि पहिल्या दोन वर्षांचे दिवस कमी साखरेत गेले, दुसरीचे भरपूर साखरेत. पन्नास-साठ वर्षांनी त्यांचं आरोग्य तपासलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की सुरुवातीचे हजार दिवस रेशनिंगमध्ये गेलेल्यांत टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. ती मुलं उपाशी नव्हती. तेव्हाचा वाटा आजच्या शिफारशींच्या जवळपासच होता. म्हणून दोन वर्षांखालच्या बाळाच्या पेजेत, खिमटीत, दुधात साखर नको, असं मी प्रत्येक आईला आणि त्याहून जास्त प्रत्येक आजीला सांगते. बाळाला गोडाची आठवण येत नसते. ती आपल्याला येते.

साखर खाऊन मुलं चेकाळतात, ही समजूत मात्र सोडून द्यायला हरकत नाही. खरी साखर कुणाला दिली हे पालकांनाही न सांगता केलेले प्रयोग १९९५ साली एकत्र तपासले, तेव्हा वागण्यात फरक आढळला नव्हता. वाढदिवसाला मुलं चेकाळतात ती वाढदिवसामुळे.

दात

दातांच्या बाबतीत मात्र साखर थेट गुन्हेगार आहे, इथे आहार संतुलित असण्याने सुटका होत नाही. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लात दाताचं वरचं कवच विरघळू लागतं. लाळ हे आम्ल हळूहळू धुऊन काढते, त्याला अर्धा तास तरी लागतो. म्हणजे दातांना किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे जास्त लागतं. जेवणाबरोबर एक लाडू खाल्ला तर दातांवर एक हल्ला झाला. तोच लाडू कुरतडत दुपार काढली तर हल्ले पाच.

हे ज्ञान जगाला मिळालं ते स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या एका संस्थेतल्या प्रयोगातून, १९४५ ते १९५५ च्या काळात. तिथल्या मतिमंद रहिवाशांना दिवसभर चिकट टॉफी देऊन त्यांचे दात किडू दिले गेले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांपेक्षा मधल्या वेळी टॉफी चघळणाऱ्यांचे दात कितीतरी जास्त किडले. त्या माणसांनी संमती दिली नव्हती, देऊ शकत नव्हती. दंतवैद्यकाच्या पुस्तकातला हा धडा त्यांच्या दुखण्यातून आला आहे, हे सांगितल्याशिवाय तो शिकवू नये असं मला वाटतं.

जत्रेतला खाजा, शाळेच्या दारातल्या गोळ्या, आंबापोळी, फणसपोळी, सगळं दातांना चिकटणारं. जेवल्यावर खा, मग चूळ भरा. मुलांना जत्रेतून खाजा न आणण्याइतकं कठोर मला होता येत नाही आणि व्हायचंही नाही.

मग ताटात जागा किती?

समजा दिवसाला १६०० कॅलरी लागणारी, घरातलं काम करणारी पन्नाशीची बाई आहे. या १६०० मध्ये तिला प्रथिनं, लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं, चोथा सगळं बसवायचं आहे. भाजी, डाळ-उसळ, मासळी, ताक, फळ, भाकरी, थोडा भात, थोडं खोबरं, थोडं तेल घेता घेता टोपली भरते. वर जी जागा उरते ती शे-दीडशे कॅलरींची. त्या जागेत चार-पाच चमचे साखर आरामात मावते आणि तिने काही बिघडत नाही. संतुलित आहारात साखर घातक आहे का, या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे: या उरलेल्या जागेत मावेल तेवढी, नाही. साखर त्या जागेबाहेर गेली की दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर टोपली ओसंडते, म्हणजे वजन वाढतं. नाही तर साखरेला जागा द्यायला टोपलीतलं काहीतरी बाहेर काढावं लागतं. बिस्किटावर भूक भागवून दुपारचं जेवण टाळणाऱ्या मुलींमध्ये मी हे दुसरं सतत पाहते. वजन ठीक असतं, आणि हिमोग्लोबिन नऊ.

उलट, बोटीवर रात्र काढणाऱ्या खलाशाला तीन हजार कॅलरी लागत असतील तर त्याच्या टोपलीत जास्त जागा आहे. आजोबांना चालत होतं, मला का नाही, हे विचारणाऱ्या मुलाने आजोबा दिवसाला किती चालत होते तेही विचारावं.

काही वेळा तर साखर औषध असते. पावसाळ्यात जुलाब झाले की लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आतड्याच्या भिंतीतून मीठ ग्लुकोजचा हात धरून आत जातं आणि त्यांच्यामागून पाणी. नुसत्या पाण्याने ते होत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याला अचानक घाम सुटून थरथर होऊ लागली तर तीन चमचे साखर ताबडतोब. ही दोन्ही मापं घरातल्या सगळ्यांना पाठ हवीत.

घराचा हिशोब करायची माझी रीत सोपी आहे. किराण्याची यादी काढा. चार माणसांच्या घरात माणशी २५ ग्रॅम धरलं तर महिन्याला साखर, गूळ, मध मिळून तीन किलो होतात. बिस्किटं, सॉस, बाटल्या, बेकरीचा माल धरून तीन. तुमच्याकडे एकटी साखरच पाच किलो येत असेल तर उत्तर यादीतच आहे. पाकिटांवर आता 'एकूण साखर' आणि 'वरून घातलेली साखर' असे वेगळे आकडे छापलेले असतात, ते शंभर ग्रॅमला किती म्हणून वाचा. घटकांच्या यादीत जे वजनाने जास्त ते आधी येतं. साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज ही एकाच कुटुंबातली नावं. सीबीएसईने २०२५ साली आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतही ते लागावेत अशी माझी फार इच्छा आहे.

साखरेऐवजी गोडीच्या गोळ्या घ्याव्यात का? वजन उतरवण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नका, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा सल्ला आहे. मधुमेह असलेल्यांनी हा प्रश्न आपल्या डॉक्टरांशी बोलावा. त्यांचा एकूण हिशोबच वेगळा असतो, त्यात आख्खा आंबाही मोजावा लागतो.

काकूंनी चहा सोडला नाही. चहाचे चार कप चारच राहिले. कपातला गूळ दोन चमच्यांवरून आधी दीड झाला, पंधरा दिवसांनी एक. पहिला आठवडा त्या माझ्यावर चिडून होत्या. जीभ सावकाश शिकते; दोन-तीन महिन्यांत तिला आधीचा चहा पाकासारखा लागू लागतो. बिस्किटांच्या जागी भाजलेले शेंगदाणे किंवा काजूचे चार तुकडे आले. चतुर्थीला त्यांनी पाच मोदक खाल्ले, एका मोदकात दहाएक ग्रॅम गूळ धरला तर पन्नास ग्रॅम, आणि मी स्वतः त्यांना सहावा वाढला. वर्षातल्या त्या दोन-चार दिवसांनी कुणाचं यकृत बिघडत नाही.

सरबतही बदललं. आता काकू मांडणीवरची आगळाची बाटली उचलतात. पेलाभर गार पाण्यात एक चमचा आगळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, एक सपाट चमचा साखर. मीठ आगळात असतंच, वरून घालायचं नाही. रक्तदाब असेल तर आगळही अर्धाच चमचा. अमृत कोकमाची बाटली पाहुण्यांसाठी ठेवली आहे, आणि पाहुण्यांनाही आता पाक चमच्याने मोजून मिळतो.